तीन पाट्यांची वाटणी

मी, या कागदाच्या शेवटी जिची सही आहे ती, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पाट्या खरवडून सपाट करणे, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही धाकाला न भिता आणि कोणाच्याही गोड बोलण्याला न भुलता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला घरच्या डॉक्टरांनी दिला आहे. त्यासाठी त्यांनी मला आज वार कोणता ते विचारलं. मी वार सांगितला आणि त्यांच्या टेबलाचा डावा पाय आखूड आहे हेही सांगितलं. दाखला लगेच मिळाला.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कुठून एखादं निघालंच, तर ते माझं नव्हे असं समजावं. मला तीन अपत्यं आहेत: थोरला मुलगा, मधली मुलगी आणि धाकटा मुलगा. तिघं आज एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणजे दोघं आपसात बोलतात आणि तिसरा भिंतीशी. हा कागद मुख्यतः त्यासाठी आहे. पण रीत आहे म्हणून घरादारापासून सुरुवात करते.

कलम १. राहतं घर, मागच्या खोलीसह, धाकट्याला आणि त्याच्या बायकोला मिळून द्यावं. कागदोपत्री सुनेचं नाव आधी घालावं. माझ्या आजारपणात तिने माझं सगळं केलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. मी तिला दोनदा उगाच टाकून बोलले, तेही तिने ऐकून घेतलं.

कलम २. बँकेतली शिल्लक थोरल्याने आणि मधलीने निम्मी निम्मी घ्यावी. ती किती आहे ते बँकेला ठाऊक आहे. इथे आकडा लिहून आताच त्यांची निराशा कशाला करू?

कलम ३. दागिने नाहीत. हातात बांगडी असली की पाटीवर ओरखडा उठतो, म्हणून लग्नाच्या बांगड्याही मी पेटीत ठेवल्या आणि पुढे मोडून लेथ घेतली. ती लेथ अजून चालते. बांगड्या एवढ्या चालल्या नसत्या.

कलम ४. माझ्या यजमानांची पुस्तकं. ते आता हयात नाहीत. शाळेत इतिहास शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत, लग्नानंतर मीही तेच म्हणू लागले. कारखाना माझ्या वडिलांचा, काम माझ्या हातात, आणि मास्तरांना हातोडी धरता येत नसे. भिंतीत खिळा ठोकायचा असला की ते मला हाक मारत आणि मी येईपर्यंत मुलांना खिळ्याचा इतिहास सांगत.

आमच्याकडे जेवणाच्या वेळी सगळं जग पानावर येऊन बसायचं. आज चाक कसं आलं, उद्या कागद, परवा भिंग, त्यानंतर होकायंत्र. बोलता बोलता मास्तरांचं जेवण निवून जाई. मी मात्र प्रत्येक गोष्टीला एकच शंका काढी: ‘ते ठीक आहे, पण त्यांना सपाट कसं कळलं?’ भिंत उभारायची तर खालची जमीन समपातळीत हवी, जातं फिरायचं तर दोन्ही तळ्या एकमेकींना लागायला हव्यात. ‘तुझं घोडं नेहमी तिथेच अडतं,’ असं म्हणून ते हसत.

एके दिवशी ते पुस्तक हातात घेऊनच जेवायला बसले. म्हणाले, ‘हे ऐक. तुझी माणसं सापडली.’ नाईलच्या काठी हजारो वर्षांपूर्वी पाथरवट एका सपाट फळीला गेरू फासत आणि ती दगडावर टेकवत. फळी उचलली की दगडावर जिथे लाल उमटलं असेल तो उंचवटा. तेवढाच छिलायचा. मग पुन्हा गेरू, पुन्हा फळी. अभ्यासकांचं तसं म्हणणं आहे, असं मास्तरांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

माझा घास हातातच राहिला. त्या दुपारी मी नेमकं हेच करून आले होते. माझा रंग निळा, आणि दगडाऐवजी बीड, एवढाच काय तो फरक. राजे गेले, भाषा गेल्या, त्यांच्या देवांची नावंही कोणाला उच्चारता येत नाहीत, आणि हाताची ही एक सवय मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जात माझ्यापर्यंत पोचली. कोणी आणून दिली, कुठल्या कुठल्या वाटांनी आली, की मध्ये हरवून पुन्हा सापडली, काही म्हणजे काही कळायला मार्ग नाही. मी म्हणाले, ‘मास्तर, म्हणजे ते लोक गेलेच नाहीत की हो.’ मास्तर चष्मा काढून पुसत बसले. माझ्या संसारातलं सर्वांत मोठं सुख मला विचाराल तर ते जेवण.

ही सर्व पुस्तकं थोरल्याने न्यावीत. त्याने ती वाचलीच पाहिजेत अशी अट घालता येत नाही, असं वकिलांचं मत पडलं. मग एवढंच लिहिते की ती कुलपात ठेवू नयेत.

कलम ५. ज्यांना काहीही देऊ नये त्यांच्याविषयी. माझ्या चुलत दिरांनी एकदा चहाची उकळती किटली सरळ पाटीवर ठेवली आणि वर ‘लोखंडाला काय होतंय?’ असं विचारलं. त्यांना काही मिळू नये. ते वारले असल्यामुळे त्यांच्या मुलाला काही मिळू नये. मुलगा गुणी आहे, पण किटली त्याच्याकडेच आहे. तसंच कोपऱ्यावरचा भंगारवाला मला भेटेल तेव्हा विचारतो, ‘आजी, त्या तीन लाद्या कधी देताय?’ त्याच्यावर राग नाही, त्याचाही धंदाच आहे. पण मी गेल्यावर तो भेटायला आला तर त्याला बाहेरच बसवावं.

कलम ६. माझे सगळे स्क्रेपर, धार लावायच्या दगडासह, मधलीला. स्क्रेपर म्हणजे लांब दांड्याचं, पुढे चपट्या धारेचं हत्यार. कमरेला टेकवून अंगाच्या झोक्याने पुढे ढकललं की बिडाचा जेमतेम भुकटीएवढा कण निघतो. तीन मुलांत हात तिचा सर्वांत हलका होता. ती म्हणेल, आई, आता मला याचा काय उपयोग? उपयोग नसला तरी घे.

कलम ७. आता तीन पाट्या. कारखान्यात पूर्वेच्या खिडकीखाली बिडाच्या तीन पाट्या आहेत. लांबी-रुंदी जेवायला बसायच्या पाटाएवढी, खाली फासळ्या, वर लाकडी झाकण. यंत्राचा कोणताही भाग सरळ आहे की नाही हे ज्यावर टेकवून बघायचं, ती ही पाटी. पाटीला निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, वर तो भाग टेकवून जरासा हलवायचा आणि उचलायचा. जिथे निळं लागलं तिथे खरवडायचं. हे करत राहायचं, निळे ठिपके सगळीकडे सारखे उमटेपर्यंत.

मी ऐन तारुण्यात असताना बाबा, म्हणजे माझे वडील, काही दिवस बाहेरगावी गेले होते. ते येण्याआधी, उचलायला एक गडी हाताशी घेऊन, मी दोन नव्या पाट्या एकमेकींवर लावून तयार करायच्या असं मनाशी ठरवलं. खांदे भरून आले, पण शेवटी या टोकापासून त्या टोकापर्यंत ठिपक्याला ठिपका जुळला. बाबा आले तेव्हा मी अक्षरशः नाचत होते. त्यांनी शाबासकी दिली, मग कोपऱ्यातली तिसरी, नुसती मशीनवर रंधून आलेली पाटी काढली, तिला रंग लावला आणि आम्ही दोघांनी ती आळीपाळीने माझ्या दोन्ही पाट्यांवर ठेवून पाहिली. एकीवर निळं फक्त मध्यभागी उमटलं. दुसरीवर फक्त कडांना.

‘पोरी,’ बाबा म्हणाले, ‘एकीला पोट आलंय आणि दुसरीला खळगा पडलाय. म्हणून तर अशा गळ्यात गळे घालून बसल्यात.’

दोघींचं जुळलं म्हणजे दोघी खऱ्या, असं नसतं. पहिली दुसरीला लागली पाहिजे, दुसरी तिसरीला आणि तिसरी पुन्हा पहिलीला. पोट आणि खळगा यांचं आपसात जमतं. तिघींत मात्र कोणाचंही वाकडेपण लपत नाही. शिवाय प्रत्येक वेळी पाटी फिरवून आडवी लावायची, नाहीतर पीळ राहून जातो. ही युक्ती दोनशे वर्षांमागे कारागिरांत रुळली, असं मास्तर सांगत.

मी बाबांना विचारलं, ‘पण पहिली सपाट पाटी कशावर टेकवून केली?’

‘कशावरच नाही. होती कुठे? तीन वाकड्या घेतल्या आणि एकमेकींना लावत बसले.’

त्या दिवसापासून आजपर्यंत हे वाक्य मला पेलत नाही. लेथ सरळ चालते, कारण तिचा पाया कोणीतरी पाटीला लावून सरळ केलेला असतो. त्या लेथवर दुसरी लेथ होते, आईपेक्षा नेटकी. सुरुवातीच्या वाफेच्या इंजिनांत म्हणे दट्ट्या आणि नळकांडं यांच्यामध्ये बोट शिरेल एवढी फट असे. तिथून निघून माणूस विमानापर्यंत आला, डॉक्टरांच्या सुईपर्यंत आला. कोणत्याही यंत्राची वंशावळ काढत मागे जा. शेवटी कोणीतरी खिडकीपाशी वाकून पाटी खरवडताना सापडतो, आणि त्याच्यामागे कोणतंही यंत्र नसतं. एवढी सगळी सरळ रेषांची दुनिया तीन वाकड्या तुकड्यांतून निघाली. मी हे काम साठ वर्षं केलं आणि तरी ते मला खरं वाटत नाही.

कलम ८. घडलेली हकिगत. गेल्या हिवाळ्यात मी अंथरुणाला खिळले, तेव्हा थोरला आणि मधली उशाशी येऊन बसली.

‘आई,’ थोरला म्हणाला, ‘आमचं दोघांचं एकमत झालंय. कारखाना आता काढून टाकू. जागेला गिऱ्हाईक आहे, त्याला गोदाम बांधायचंय. पाट्या संग्रहालयाला देऊ. नीट ठेवतील, काचेत.’

‘काचेत?’ मी म्हणाले. ‘त्या काय लोणचं आहेत?’

मधली चिप बनवण्याच्या कारखान्यात आहे. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालून आत जाते. तिने माझा हात हातात घेतला. ‘आई, तू एकदा येऊन बघ गं. सिलिकॉनच्या चकतीवर आम्ही एकावर एक थर चढवतो. वरचा थर काही डझन अणूंएवढा जरी सरकला ना, तरी सगळा माल वाया. तुझ्या निळ्या रंगाचा थर म्हणजे आमच्याकडे डोंगर!’

मी दुखणं विसरून उठून बसले. ‘आणि ते सगळं यंत्र उभं कशावर असतं?’

‘ग्रॅनाइटवर. मोठी शिळाच असते.’

‘ती सपाट कोण करतं?’

‘शेवटचा हात माणसंच फिरवतात, आई. हातानेच घासतात.’

मी तिला ते दोनदा सांगायला लावलं. अणू मोजणाऱ्या यंत्राखाली दगड, आणि दगडावर कोणाचा तरी तळहात. मास्तर असते तर त्या दिवशी जेवलेच नसते.

तेवढ्यात धाकटा दारात येऊन उभा राहिला. कारखाना आज तोच चालवतो. ‘दोघांनी ठरवून आलात ना? मग मला कशाला विचारता?’

‘विचारतोय कुठे, सांगतोय,’ थोरला म्हणाला. ‘इतकी वर्षं आत राहून तू काय दिवे लावलेस? गिऱ्हाइकं बोटांवर मोजण्याएवढी उरलीत.’

‘आणि तुम्ही? आत पाऊल तरी टाकलंत कधी? आज जागेला भाव आला तेव्हा बरा कारखाना आठवला!’

‘अरे, आईसमोर तरी...’ मधली म्हणाली आणि नेहमीसारखी गप्प झाली. धाकट्याने खुंटीवरची किल्ली काढली, कारखान्याला कुलूप घातलं आणि तेव्हापासून थोरल्या भावंडांना त्याने आत येऊ दिलेलं नाही. काम बंद आहे. माझ्या हयातीत ती खिडकी इतके दिवस कधी मिटलेली नव्हती.

कलम ९. कारखान्याची जागा, इमारत व आतील यंत्रं यांविषयी. सगळ्यांना वाटतं मी धाकट्याच्या बाजूने आहे. तसं नाही. थोरला आणि मधली यांचं एकमत होतं यात मला नवल वाटत नाही. लहानपणापासून तो पुढे पुढे करतो आणि ती भांडण नको म्हणून मागे सरते. धाकट्याचं म्हणाल तर सुंभ जळला तरी पीळ जळायचा नाही. तिघं माझी आहेत, आणि कोण चूक कोण बरोबर हे आईला दिसतं असं लोक म्हणतात. मला दिसत नाही. म्हणून कारखाना विकावा की ठेवावा हे मी ठरवत नाही. ते तिघांनी ठरवावं, पुढील अटीवर.

तीन पाट्यांपैकी एकेक पाटी एकेकाची. वापराने तिन्ही झिजल्या आहेत. आज त्यांतली एकही खरी नाही. तिघांनी कारखान्यात येऊन, आपापली पाटी आळीपाळीने इतर दोघांच्या पाटीला लावून, त्या पुन्हा सपाट कराव्यात. मजूर लावू नये, मशीनवर घासून आणू नये. पाटी उचलायला दोन माणसं लागतात आणि रंग बघायला तिसरं, त्यामुळे एकट्याने किंवा दोघांनीच उरकता येणार नाही. खरवडल्यावर पाटी रात्रभर तशीच राहू द्यावी, कारण हातांच्या उबेनेही बीड फुगतं आणि माणसाला फसवतं. घाई करू नये. तिन्ही पाट्या एकमेकींना लागेपर्यंत जागेचा व्यवहार करू नये, आणि लागल्यावर तिघं एकमताने जे ठरवतील ते मला मान्य आहे. गोदाम म्हणाल तर गोदाम. मनापासून लिहिते आहे.

कलम १०. ~~पाट्या सपाट झाल्या की नाही याचा निवाडा घरच्या डॉक्टरांनी करावा व त्यांचा शब्द अखेरचा मानावा.~~

वरचं कलम मी स्वतः खोडलं आहे. मसुदा वाचून दाखवला तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘आजी, मला यातलं काय कळतंय? मी कशाशी ताडून सांगणार?’ मी म्हणणार होते, चौथी चांगली पाटी मागवा आणि तिच्याशी ताडा. पण चौथी खरी आहे हे कोण सांगणार? वर बसून सपाट म्हणजे काय ते सांगणारं कोणीही नसतं, कधीच नव्हतं. ते खाली तिघांतूनच निघतं. एवढी साधी गोष्ट मुलांच्या काळजीने माझ्या डोक्यातून गेली. तेव्हा निवाडा करणारा कोणीही नको. वकील नको, डॉक्टर नको, आणि मी गेल्यावर ‘आई असती तर काय म्हणाली असती’ हेही नको.

कलम ११. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. बाकीची कलमं खुशाल तशी लागू होऊ देत. नववं कलम मात्र आजपासून लागू आहे. मला ते बघायचं आहे. तीन वाकड्यांतून सपाट येताना मी आयुष्यभर पाहिलं, पण माझ्या पोटच्या तिघांच्या हातून पाहिलेलं नाही, आणि त्यावाचून जायला माझं मन तयार नाही. मी एका खुर्चीवर बसेन. रंग कालवून देईन. तोंड उघडणार नाही, निदान तसा प्रयत्न करेन.

तिघांनाही एकाच दिवशी कारखान्यात यायचा निरोप धाडला आहे. प्रत्येकाला असं कळवलं आहे की बाकीचे दोघं येतो म्हणाले. हे धादांत खोटं आहे, पण मृत्युपत्र करणाऱ्या बाईने थाप मारू नये असा कायदा वकिलांना सापडला नाही. साक्षीदारांनाही त्याच दिवशी, तिथेच बोलावलं आहे. कोणीच आलं नाही तर सही करायची की नाही ते तेव्हा बघेन.

येणेप्रमाणे लिहून ठेवलं, ते माझं खरं म्हणणं आहे.

ठिकाण: कारखाना
दिनांक: ९ मार्च २०१९

सही: मृत्युपत्र करणार

साक्षीदार:
१. सही, समोरच्या दुकानातील शिंपीण
२. सही, घरचे डॉक्टर

साक्षीदार क्रमांक दोन यांची नोंद: वरील सही आजींनी आम्हा दोघांसमक्ष, शुद्धीवर असताना, आपल्या खुर्चीत बसून केली. सहीच्या वेळी त्यांची तिन्ही अपत्ये कारखान्यात हजर होती. मृत्युपत्र वाचून दाखवू का, असे मी दारातून विचारले असता, तिघांनीही पाटीवरून मान वर न करता ‘आत्ता नको’ असे एकदमच सांगितले.